फटफटीचं तेल

माझा थोरला भाऊ फटफटीवर गेला. गेला म्हणजे मेला. हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण शेवट दडवून ठेवून ऐकणाऱ्याला टांगणीला लावायची हौस मला नाही. तो कशानं गेला, हे सांगायला मात्र मला जरा वेळ लागेल. मलाही ते उशिराच कळलं.

सोलापुरात आम्ही गिरणीच्या मागच्या वस्तीत राहायचो. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं छप्पर, आणि त्या छपराखाली फटफटी. वडील आम्ही लहान असतानाच वारले होते. घरात आई, दादा, वहिनी आणि मी. मी सूतगिरणीत फिटर होतो. दादा एका पेढीकडे कामाला होता. ही पेढी ऑइल इंजिनं विकायची. कुणाला पिठाच्या चक्कीसाठी, कुणाला विहिरीवर. दादानं गावोगाव फिरून गिऱ्हाईक गाठायचं, आणि विकलेलं इंजिन नीट चालतंय का ते बघायचं. माढा, केम, सांगोला, सगळीकडं त्याची फिरती असे. खरं सांगायचं तर इंजिनातलं त्याला ओ का ठो कळत नव्हतं. पण माणसाशी बोलायला लागला की समोरचा चहा पाजल्याशिवाय सोडत नसे. माझं नेमकं उलटं. लोखंडाशी माझं जमे, माणसाशी दोन वाक्यांत भांडण होई.

फटफटी पहिल्या मोठ्या लढाईच्या काळातली होती. पेढीच्या ओळखीतला एक साहेब विलायतेला परत निघाला, त्याच्याकडून दादानं ती घेतली. लांबच्या रस्त्याची, जड, दोन सिलिंडरची गाडी. दादा तिच्यावर बसून घरी आला तेव्हा अख्खी वस्ती बाहेर आली, आणि मी एकट्यानं पुढच्या चाकाशी बसून म्हटलं, "हिचं बेअरिंग गेलंय." दादा म्हणाला, "लगीन झाल्या झाल्या नवरीचे दात मोजू नकोस, धाकल्या." सगळे हसले. बेअरिंग गेलेलंच होतं.

त्या गाडीचे सुटे भाग मुंबईतसुद्धा मिळण्याची मारामार, सोलापुरात तर नावच नको. जे झिजेल ते मी बनवायचो. गिरणीच्या कारखान्यातल्या जुन्या लेथवर, जेवणाच्या सुट्टीत, मुकादमाची नजर चुकवून बुशी कातल्या. जुन्या बुटाच्या चामड्याचे वायसर कापले. सांगोल्याकडची धूळ इतकी बारीक की ती कुठूनही आत शिरे, म्हणून हवेच्या तोंडावर धोतराचं दुपदरी फडकं बांधायचो आणि दर रविवारी ते धुऊन वाळत घालायचो. वहिनी म्हणायची, "भावजी, गाडीचं धोतर वाळलं का बघा." रविवार माझा आणि त्या गाडीचा. आठवडाभर दादानं तिला दगडधोंड्यातून हाणायची आणि रविवारी मी तिची हाडं बसवायची, असं चाललेलं असे.

तिच्यात एक गोष्ट आजच्या गाड्यांपेक्षा वेगळी होती, ती सांगायला हवी. आज इंजिनातलं तेल आतल्या आत फिरत राहतं. त्या गाडीचं तसं नव्हतं. पेट्रोलच्या टाकीलाच चिकटून तेलाचा एक वेगळा कप्पा होता, त्याला वर पितळी झाकण. तिथून एका बारीक नळीतून तेल थेंब थेंब इंजिनात उतरे, आपलं काम करी आणि जळून जाई. चढ लागला, वेग वाढवला, की बसणाऱ्यानं हातानं पंपाचा दांडा दाबून जास्तीचं तेल पाजायचं. गाडी सतत तेल पीत असे, आणि ते नाही मिळालं तर आतलं लोखंड तापून फुगे आणि एकमेकाला धरून बसे. मी दादाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पेट्रोल संपलं तर तू चालत येशील. तेल संपलं तर तुला उचलून आणावं लागेल."

पहिलं वर्ष गाडी झकास चालली. मग ती आजारी पडायला लागली. धूर वाढला, दम कमी झाला. इंजिन खोललं तर पिस्टनच्या कड्या आपल्या खाचेत घट्ट चिकटलेल्या. वर तांबूस, चिवट, चामड्यासारखा थर. रॉकेलनं निघेना, चाकूनं खरवडून काढावा लागला. दीड महिना झाला नाही तोवर पुन्हा तेच. तेलाच्या नळीतही तोच चिवटपणा दिसायला लागला. मी तेलाचा डबा बदलला, दुकान बदललं, दुकानदाराशी कडाकडा भांडलो. फरक पडेना. मला त्या गाडीचा असा राग आला की सांगता सोय नाही. गिरणीतली एवढाली यंत्रं माझं ऐकायची आणि हे दोन चाकांचं धूड ऐकत नव्हतं.

मग राग दादावर निघे. "पंप मारतोस का वेळच्या वेळी?" तो म्हणे, "मारतो की." "खोटं बोलू नकोस." "आरं, गानं म्हनता म्हनता इसरतो कवा कवा," असं म्हणून तो हसायचा. मी आरडाओरडा करी. आई आतून म्हणे, "दमानं घे की जरा. थोरला हाय तो." खरं म्हणजे मला त्याची काळजी वाटत होती, आणि मला काळजी ओरडूनच करता येते. लोखंडात काय बिघडलंय ते मला सापडत नाही आणि माझा भाऊ त्या लोखंडावर बसून ओढे-नाले ओलांडतोय, ह्यानं माझी झोप उडाली होती.

एका सोमवारी तो सांगोल्याला निघाला. त्या दिवशी आमचं भांडणसुद्धा झालं नाही. मी पहाटेच कामावर गेलो होतो.

मंगळवेढ्याच्या अलीकडं रस्ता उताराला लागतो, तिथं ते घडलं. मेंढरं घेऊन निघालेल्या एका धनगरानं ते डोळ्यांनी पाहिलं. त्यानंच पुढं होऊन गावातून बैलगाडी आणवली, दादाला तिच्यात घातलं आणि स्वतः सोबत आला. घरी पोचेपर्यंत दादात काही उरलं नव्हतं. तो धनगर आमच्या दारात उभा राहून मला सांगत होता, "लई जोरात यीत हुता ओ. गानं म्हनत हुता. फटफटी एकदम गप झाली, आन् मागलं चाक आडलं. फिरंचना. घासत गेली आन् खडीच्या ढिगावर फेकलं त्यास्नी." मागलं चाक अडलं, हे ऐकलं आणि मला कळलं. इंजिन आत धरून बसलं होतं. तेल पोचलं नव्हतं.

मोडकी फटफटी दुसऱ्या गाडीतून मागाहून आली.

सुतकात हत्याराला हात लावू नये म्हणतात. मी तिसऱ्या दिवशी पाने घेऊन छपराखाली बसलो. लोक भेटायला येत, आईजवळ बसून रडत, आणि जाताना माझ्याकडं बघून मान हलवत. एका शेजाऱ्यानं तर तोंडावर म्हटलं, "भाऊ गेला आन् हे बग काय करतंय." मला रडू येत नव्हतं. मला त्या गाडीकडून जबाब हवा होता.

तेलाची नळी सोडवली. फुंकर मारली, वारा जाईना. तार घातली, तार जाईना. आत तोच तांबूस चिवट थर, आता पार बूच मारल्यासारखा. मी त्यातला खरवडून चिमटीत घेतला, चिमणीच्या ज्योतीवर धरला आणि वास घेतला. तो वास मी ओळखला. सोलापूर जिल्ह्यात जन्मलेला कुणीही ओळखील. करडीच्या तेलाचा वास. आमच्या घरी फोडणीला करडीचंच तेल असायचं, घाण्यावरून आणलेलं. ते तेल सांडून राहिलं की त्याचा कसा थर जमतो तेही घरात रोज बघितलेलं. डब्याच्या काठावर सुकून ते चामड्यासारखं होतं, नखानं निघत नाही. इंजिनाच्या उष्णतेत त्याचं काय होत असेल ते समोर दिसतच होतं.

दादानंच घातलं असणार, असं मी ठरवून टाकलं. कुठल्यातरी खेड्यात डब्यातलं तेल संपलं असेल, आणि ह्या गप्पिष्टानं कुणाच्यातरी चुलीपासचं तेल मागून ओतलं असेल. एकदा नव्हे, अनेकदा. मी इतकं सांगून, इतकं ओरडून. त्या दिवसांत मी माझ्या मेलेल्या भावाला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या कुणी जिवंत शत्रूलाही देऊ नयेत. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, सगळे माझ्याकडं बघायला लागले, की धाकट्यानं काहीतरी कबूल करावं म्हणजे शिवेल. मी गप्प उभा राहिलो. बऱ्याच वेळानं शिवला.

आई जेवत नव्हती. दुखवट्यात माणूस जेवत नाही, पण पाणी पितं, कुणी बळजबरी केली तर घासभर घेतं. आईचं तसं नव्हतं. भाकरी पुढं ठेवली की ती हातानं मागं सारायची. भाजीवर तेलाचा तवंग दिसला की तोंड फिरवायची. तेरावा झाला, पाहुणे पांगले, तरी तेच. हातापायांच्या काड्या झाल्या. वहिनी स्वतःचं दुःख बाजूला ठेवून तिच्याजवळ ताटली घेऊन बसायची. शेवटी वहिनीनं मला बोलावलं. म्हणाली, "भावजी, तुमीच बगा आता. न्हायतर ह्याबी जात्याल."

मी आईपुढं बसलो. नेहमीसारखं ओरडावं असं मनात होतं. पण तिच्याकडं बघून ओरडवेना. म्हटलं, "आई, काय मनात आहे ते सांग."

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "म्या मारलं त्याला."

"काय बोलतेस?"

"दर सनवारी मारुतीला तेल घालून आले की त्यातलंच पळीभर त्या फटफटीला घालत हुते. वरीस झालं आसंल. तिच्यावर बसून जातुय लेकरू, तिनं सांभाळून न्यावं, म्हनून. त्यानंच झाकन उघडून दावलं मला. म्हनला, घाल की आई, तुज्या हातचं तिलाबी खाऊंदे." इथं ती जराशी हसलीसुद्धा. "धाकल्याला सांगू नगं म्हनला. त्यो वराडतोय म्हनला."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आन् त्या सनवारी म्या केमला, भनीच्या घरी. आगीनगाडी चुकली, रातीला तितंच ऱ्हाले. सनवार चुकला माजा. मारुतीलाबी न्हाय आन् फटफटीलाबी न्हाय. सोमवारी गेलं लेकरू. माजा सनवार चुकला म्हनून गेलं."

मी उठून बाहेर आलो. छपराखाली त्या गाडीचे तुकडे गोणपाटावर मांडलेले होते, आणि तेलाची ती नळी. मारुतीला मिळे तेच तेल, आमच्या घरातलं खायचं, घाण्याचं. बैलगाडीच्या आसाला कडू एरंडेल घालतात, आणि आपल्या लेकाच्या गाडीला ही आपल्या ताटातलं तेल घालत होती. वर्षभर, दर शनिवारी पळीभर. आणि दादा हसत झाकण उघडून धरत होता. मला सांगितलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून सांगितलं नाही. माझ्या तोंडाळपणाला भिऊन दोघांनी मिळून गुपित ठेवलं होतं. मग मात्र मला रडू फुटलं. त्या शिव्या आठवल्या आणि छपराच्या खांबाला डोकं टेकून मी लहान पोरासारखा रडलो.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. एक शनिवार चुकला म्हणून आई जेवत नव्हती. त्या चुकल्या शनिवारानं काही झालं नव्हतं. जे झालं ते न चुकलेल्या सगळ्या शनिवारांनी झालं होतं. खरं सांगितलं तर तिचा एक गुन्हा मी धुऊन काढणार आणि त्याच्या जागी दुसरा ठेवणार, आणि तो घेऊन ती दुसरा दिवस पाहणार नाही, हे मला त्या गोणपाटावरच्या लोखंडाइतकं स्वच्छ दिसत होतं.

आत गेलो. म्हटलं, "आई, त्या शनिवारी मी घातलं तेल."

तिनं मान वर केली. "तू? तुला कुनी सांगितलं?"

"दादानंच. तू केमला होतीस ना. म्हणाला, आई नाही, आज तू घाल. ओरडू नकोस फक्त."

"कंचं घातलंस?"

"घरातलंच. करडीचं. पळीभर."

ती माझ्याकडं बघत राहिली. खोटं बोलायची मला सवय नाही. माझे कान तापले होते. पण तिनं ते पाहिलं नाही, किंवा पाहायचं नव्हतं तिला. "चुकलं न्हाय म्हन की मग," ती म्हणाली. "बरं केलंस, लेकरा. म्हंजी त्याची येळच भरली हुती." आणि वहिनीकडं वळून म्हणाली, "आन ती ताटली." भाकरीचा तुकडा तिनं कालवणात बुडवला आणि डोळ्यांतून पाणी गाळत खाल्ला.

माझं काम झालं असं मला वाटलं होतं.

पुढं पेढीनं दादाचं काम मला देऊ केलं. इंजिनातलं मला कळत होतं, आणि खेड्यातल्या लोकांशी गोड बोलणं मी मारूनमुटकून शिकेन असं त्यांना वाटलं असावं. घरात माणसं तीन आणि मिळवता मी एकटा. गिरणीपेक्षा ते बरं होतं. पण फिरतीला गाडी लागणार. मी तीच पुन्हा उभी केली. वाकलेला पुढचा दांडा सरळ करून घेतला, पिस्टन घासून बसवले, नळी नवीन घातली. वस्तीतले लोक म्हणाले, असली अपशकुनी गाडी भंगारात दे. मी म्हटलं, तुमच्या घरात विहिरीत पडून कुणी गेला तर तुम्ही पाणी पिणं सोडता काय?

पहिल्या फेरीला निघालो तो शनिवार होता. गाडी चालू करणार तोच आई देवळातून आली. तिच्या हातात पळी होती. ती माझ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "उघड की झाकन. तुजा दादा उघडत हुता तसं."

मी उघडलं. दुसरं काय करणार होतो? मीच तर सांगितलं होतं तिला, की ते तेल बरोबर होतं. तिनं पळी रिती केली, गाडीला हात लावून कपाळाला लावला. मी निघालो. वळण ओलांडताच गाडी बंद केली, रस्त्याकडेला बसून कप्प्यातलं सगळं तेल मातीत सोडलं, नळी रॉकेलनं धुतली आणि सोबतच्या डब्यातलं तेल भरलं. हात काळे करून बसलो होतो तेव्हा एक गाडीवान थांबला. "बिगडली व्हय?" म्हणाला. मी म्हटलं, "व्हय."

तेव्हापासून तो नेमच झाला. शुक्रवारी मी कप्पा रिकामा करून ठेवी, म्हणजे आतलं चांगलं तेल त्यात मिसळून नासू नये. शनिवारी आई तेल घाली. ती आत गेली की मी ते काढी, नळी धुई, पुन्हा भरी. एखाद्या शनिवारी मी परगावी असलो तर ती रविवारी घाली आणि मारुतीची माफी मागे. कधी कधी मला तिचा संतापही येई. पळी घेऊन येणारा तो हात बघवत नसे. त्याच हातानं ती मला भाकरी वाढी. जगात कुणी मुलानं आईच्या हाताकडं अशा नजरेनं पाहू नये. मी पाहिलंय. ह्या नेमात काही वर्षं गेली. गाडी चांगली चालली. आई म्हणायची, "बग, माज्या तेलानं कशी पळतीया."

मग ती आजारी पडली आणि आठ-पंधरा दिवसांत गेली. शेवटी शेवटी तिला दादाची आठवण आली की ती म्हणे, "सनवार चुकला न्हवता माजा." मी म्हणे, "नव्हता चुकला."

तिचे दिवस झाले. मी पुन्हा फिरतीची तयारी केली. त्या शुक्रवारी मी कप्पा रिकामा केला नाही. आता कुणासाठी? जिच्यासाठी खोटं बोललो ती राहिली नव्हती, आणि उरलेल्या जन्मात मला ते तेल पुन्हा बघायचं नव्हतं.

शनिवारी सकाळी गाडी बाहेर काढली. मागून पावलं वाजली. वहिनी उभी होती, डोक्यावर पदर, हातात ती पळी.

मी म्हटलं, "वहिनी, हे राहू दे आता." सगळं सांगून टाकायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तिला कळायला हवं होतं. तिचा नवरा होता तो.

ती म्हणाली, "सासूबाई सांगून गेल्यात, चुकवू नगं म्हनून. आन् भावजी, तुमच्या दादांच्या वक्ताला एक दीसबी म्या माज्या हातानं घातलं न्हाय. सासूबाई घालत्यात, आपुन कशाला, म्हनून घरातच ऱ्हायले. लई वाटतंय मला त्याचं. घातलं आसतं तर..." तिनं पळी पुढं धरली.

मी पितळी झाकण फिरवलं. ते हातातून निसटून खाली पडलं. तिनंच वाकून ते उचललं आणि माझ्या हातात दिलं. मग सावकाश, एक थेंब बाहेर सांडू न देता तेल ओतलं, आणि शेवटचा थेंब गळेपर्यंत पळी तशीच उपडी धरली.

"आता बिनघोर जावा," ती म्हणाली.